'न्यू दिल्ली' चित्रपटाचा कॉपीराइट खटला
एका विनोदी हिंदी चित्रपटाची कल्पना नाटकातून उचलली, या आरोपावरून चाललेला खटला. अधिकृत नाव 'आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स'. वकिलांच्या तोंडी मात्र तो 'एआयआर १९७८ एससी १६१३'. यातला एआयआर, म्हणजे न्यायालयांचे निकाल छापणारा 'ऑल इंडिया रिपोर्टर', नागपुरातून निघतो; १९७८ हे वर्ष, एससी म्हणजे सर्वोच्च न्यायालय आणि १६१३ हे पान. भांडण दिल्ली-मुंबईचे, पत्ता नागपूरचा.

आनंद हे पेशाने वास्तुविशारद, पण नाटककारही. त्यांनी १९५३ मध्ये 'हम हिंदुस्तानी' लिहिले. पुढच्या वर्षी ते दिल्लीच्या रंगमंचावर आले. शेजारी राहणारी एक पंजाबी आणि एक मद्रासी कुटुंबे, मुलामुलीचे प्रेम आणि प्रांताभिमानाने पेटलेले आईबाप, असा त्याचा विषय. जानेवारी १९५५ मध्ये त्यांनी ते दिग्दर्शक मोहन सैगल यांना वाचून दाखवले. पुढे सैगल यांचा 'न्यू दिल्ली' आला, त्यातही पंजाबी मुलगा आणि मद्रासी मुलगी! किशोर कुमारने रंगवलेल्या नायकाचे नावही आनंदच. या योगायोगाने नाटककाराचे डोके किती तापले असेल, ते सांगायला नको.

चित्रपट दिल्लीत लागला सप्टेंबर १९५६ मध्ये. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, १ नोव्हेंबरला, भाषावार पुनर्रचनेत नागपूरची मध्य प्रदेशच्या राजधानीची गादी गेली आणि शहर मुंबई राज्यात आले. 'तुम्ही कुठले?' हा प्रश्न तेव्हा देशभर हवेतच होता. असा विषय एकाच्या मालकीचा कसा ठरवायचा, इथेच खटल्याची गाठ होती.

सर्वोच्च न्यायालयाने ती अशी सोडवली: कल्पना, विषय, कथाबीज यांवर कॉपीराइट नसतो, तो असतो मांडणीवर. दोन्ही कृती पाहिलेल्या प्रेक्षकाला 'ही त्याचीच नक्कल' असे निःसंशय वाटले, तरच उल्लंघन. नाटकात प्रांतवाद लग्नापुरता होता. चित्रपटात तो घरमालकाच्या दारापर्यंत गेला: पंजाबी म्हणून खोली मिळेना, तेव्हा नायक मद्रासी सोंग घेऊन भाडेकरू होतो. शिवाय हुंड्याचा धागा जोडलेला. थोडक्यात, हशा पिकवणाऱ्या सोंगाचाच बचावाला हातभार लागला. दोन्ही खालच्या न्यायालयांप्रमाणे इथेही आनंद हरले.

न्या. फझल अली यांचे मुख्य निकालपत्र सगळे उद्धृत करतात. न्या. पाठक यांची छोटी स्वतंत्र टिपणी वाचणारे कमी, आणि खरी चुरस तिथेच आहे. कथेचा पट रुंद करून उसनवारी झाकता येते, हे त्यांनी स्पष्ट म्हटले. तरीही खालच्या दोन्ही न्यायालयांचे निष्कर्ष सारखेच असल्याने तेही अपील फेटाळण्याच्याच बाजूने गेले.