वर्जन-आहार व पुनःप्रवेश चाचणी

वर्जन-आहार : ज्या अन्नपदार्थामुळे त्रास होत असल्याचा संशय आहे तो काही आठवडे पूर्णपणे बंद ठेवून लक्षणे उतरतात का ते पाहणे, आणि नंतर तोच पदार्थ ठरावीक मात्रेने पुन्हा खाऊन लक्षणे परततात का ते तपासणे, अशी दोन टप्प्यांची निदानपद्धती. दवाखान्यांतून व आहारतज्ज्ञांकडे तिला सर्रास ‘एलिमिनेशन डाएट’ म्हणतात. पहिला टप्पा साधारणपणे दोन ते सहा आठवड्यांचा असतो. दुसऱ्या टप्प्यात एका वेळी एकच पदार्थ परत आणतात : पहिल्या दिवशी अल्प मात्रा, पुढचे दोन दिवस चढती मात्रा, मग लक्षणे निवेपर्यंत थांबणे. पथ्य, उपवास किंवा वजन उतरवण्यासाठीचा आहार यांहून ही पद्धती वेगळी ठरते ती दुसऱ्या टप्प्यामुळे. व्यवहारात मात्र नेमका तोच गाळला जातो. ‘गहू सोडला आणि बरे वाटले’ एवढ्यावरून गहू दोषी ठरत नाही, कारण गव्हाबरोबर खारी, टोस्ट, पाव आणि मैद्याचे तळणही ताटातून गेलेले असते.

उगम. या पद्धतीचे मूळ कोठे शोधावे याविषयी एकमत नाही. काही पाश्चात्त्य लेखक हिपॉक्रॅटीझच्या नावावर असलेल्या लेखनातील चीजविषयक निरीक्षणाकडे (ते काहींना सोसते, काहींना बाधते), किंवा एकाचे अन्न ते दुसऱ्याला विष, अशा अर्थाच्या ल्युक्रीशिअसच्या ओळीकडे बोट दाखवतात. या नोंदी निरीक्षणापुरत्याच आहेत. त्यांत पद्धती नाही. आयुर्वेदाच्या अंगाने लिहिणारे मराठी लेखक सात्म्य-असात्म्य (शरीराला मानवणारे व न मानवणारे) विचार पुढे करतात, आणि त्यांचे म्हणणे अधिक बारकाईने तपासण्याजोगे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायात, अंगवळणी पडलेले पण अहितकर अन्न क्रमाने सोडावे व हितकर अन्न क्रमाने धरावे, असे सांगून ‘पादांशिक’ (थोड्याथोड्या हिश्शाने बदल करण्याचा) क्रम दिला आहे. संहितेचा आजचा पाठ एकाच हातचा नाही. त्याचा मुख्य भाग सामान्यतः इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासचा धरतात. दृढबलाने केलेली पूर्तता त्यानंतर काही शतकांनी झाली असावी. सोडायचा हिस्सा चतुर्थांश समजावा की सोळावा, याबाबत टीकाकारांत मतभेद आहेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात (बहुधा सहावे-सातवे शतक) दोन्ही पर्याय स्पष्टपणे दिलेले असून एक, दोन व तीन दिवसांच्या अंतराने बदल करण्यास सांगितले आहे. त्याच्या पुढचाच श्लोक प्रस्तुत विषयाला अधिक जवळचा आहे : अपथ्य एकदम सोडले, किंवा पथ्यही एकदम धरले, तर त्यातून विकार उद्भवतो. गणेश कृष्ण गर्दे यांच्या ‘सार्थ वाग्भट’मुळे हा विचार संस्कृत न येणाऱ्या मराठी वाचकांपर्यंतही पोहोचला.

तरीही या क्रमाला वर्जन-आहाराचे पूर्वरूप म्हणताना हात आखडता घेणे बरे. पादांशिक क्रमात अपथ्य कोणते हे आधीच ठरलेले असते व उद्देश सवय मोडण्याचा असतो. वर्जन-आहारात दोषी पदार्थ अज्ञात असतो आणि तो ओळखणे हाच उद्देश असतो. चढती-उतरती मात्रा आणि दोन मात्रांमधील अंतर, एवढे साम्य मात्र नाकारता येत नाही.

आधुनिक पद्धतीचे श्रेय बहुतेक संदर्भग्रंथ कॅलिफोर्नियातील ओकलंडचे वैद्य ॲल्बर्ट रो यांना देतात आणि ते ग्राह्य दिसते. त्यांनी १९२० नंतरच्या दशकात मोजक्या, क्वचित बाधणाऱ्या पदार्थांचे आहार बसवले. १९४१ मध्ये त्यांचा या विषयावरील ग्रंथ निघाला. त्याआधी फोन पिर्के यांनी १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ ही संज्ञा रूढ केली होती. पुढे १९२१ मध्ये प्राउस्निट्झ व क्यूस्टनर यांनी अधिहर्षता (ॲलर्जी) रक्तद्रवातून दुसऱ्याच्या त्वचेत नेता येते हे दाखवले. क्यूस्टनर यांना शिजवलेली मासळी बाधत असे, आणि त्यांचाच रक्तद्रव प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. त्यातील कारक घटक, म्हणजे आयजीई प्रतिपिंड, १९६६-६७ मध्ये अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी स्वतंत्रपणे ओळखला. दुसऱ्या टोकाला, डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी सीलिॲक विकारात (यात गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते) गहू वगळण्याचा आहार रुजवला. त्यांचा प्रबंध १९५० चा. पोटफुगी व आतड्याच्या चळवळेपणासाठीचा (आयबीएस) फॉडमॅप-न्यून आहार, म्हणजे नीट न शोषल्या जाणाऱ्या व आतड्यात आंबणाऱ्या शर्करा कमी असलेला आहार, ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात आकाराला आला (२००५ पासून पुढे).

पुनःप्रवेशातील प्रतिक्रिया. बंद ठेवलेला पदार्थ परत घेतल्यावर काय होते हे त्रासामागील यंत्रणेवर अवलंबून असते. आयजीई प्रकारात काही मिनिटांपासून सुमारे दोन तासांत अंगावर पित्त उठणे, ओठ-पापण्या सुजणे, ओकारी, छातीत घरघर अशी लक्षणे दिसतात. क्वचित रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. अशा वेळी मांडीच्या बाहेरील स्नायूत ॲड्रेनॅलिन (प्रौढांस ०.५ मिग्रॅ. पर्यंत) हाच पहिला उपाय होय, अंगावरचे पित्त उतरवणारी (अँटिहिस्टॅमिन) गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. अन्नप्रथिनांमुळे होणारा आंत्रशोथ प्रामुख्याने तान्ह्या मुलांत आढळतो. त्यात एक ते चार तासांनी ओकाऱ्यांवर ओकाऱ्या होतात, मूल पांढरेफटक व मलूल पडते आणि त्वचेवरील चाचणी बहुधा निर्दोष येते. म्हणून ‘दूध उलटले’ एवढ्यावर ते निभावले जाते. इओसिनरागी अन्ननलिकाशोथात (इओसिनरागी पांढऱ्या पेशी साठून अन्ननलिका सुजते त्यात) लक्षणे परतायला दिवस-आठवडे लागतात आणि निर्णय दुर्बिणीने घेतलेल्या नमुन्यावर होतो. दुग्धशर्करा किंवा फॉडमॅप यांचा त्रास प्रतिकारशक्तीशी संबंधित नाही. तो मात्रेवर ठरतो : पाऊण वाटी दुधाने काही होत नाही, मोठ्या पेल्याने पोट गुबारते. पेलाभर (सुमारे २५० मिलि.) दुधात साधारण १२ ग्रॅ. दुग्धशर्करा असते आणि ती न पचणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांना एका वेळी एवढी चालते.

अनेकांचा अनुभव असा की, रोज खाल्ला तेव्हा थोडाफारच बाधणारा पदार्थ काही आठवड्यांच्या खंडानंतर अधिक जोरात बाधतो. याच्या स्पष्टीकरणावर दीर्घ वाद आहे. हर्बर्ट रिंकेल यांनी १९४० नंतरच्या दशकात ‘झाकलेली ॲलर्जी’ ही कल्पना मांडली. नित्य सेवनाने प्रतिक्रिया दबून राहते, चार-पाच दिवस पदार्थ तोडला की ती उघडी पडते, आणि त्यानंतरचा पहिला घास निर्णायक ठरतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे सहकारी थेरॉन रँडॉल्फ यांनी ते उचलून धरले. मुख्य प्रवाहातील अधिहर्षतातज्ज्ञांनी ते कधी पूर्णपणे स्वीकारले नाही. प्रस्तुत नोंदीतही ते सिद्ध मानलेले नाही. निरीक्षण खरे असले तरी त्यामागे एकच यंत्रणा असण्याची गरज नाही. दुधाच्या बाबतीत नियमित सेवनाने मोठ्या आतड्यातील जिवाणू दुग्धशर्करा पचवायला सरावतात आणि खंड पडला की तो सराव मोडतो, हे प्रयोगांतून दिसले आहे. इसबाच्या ज्या मुलांत दुधाविरुद्ध आयजीई आधीच होते पण दूध पचत होते, अशांपैकी काहींना दीर्घकाळ दूध तोडल्यावर पुनःप्रवेशाच्या वेळी तीव्र तात्काळ प्रतिक्रिया आल्या. यावरून सेवन हेच सहनशीलता टिकवते असा निष्कर्ष अनेक जण काढतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ या ब्रिटिश अभ्यासाने त्याला बळ मिळाले : त्यात अधिक जोखमीच्या ६४० अर्भकांपैकी भुईमूग टाळणाऱ्यांत पाचव्या वर्षी सुमारे १७ टक्के, तर लवकर देऊ केलेल्यांत सुमारे ३ टक्के मुलांना त्याची ॲलर्जी आढळली. तिसरे कारण अपेक्षेचे. आता त्रास होणार, अशा धास्तीने खाल्लेल्या घासाने त्रास होतोही. म्हणूनच चार्ल्स मे यांनी १९७६ मध्ये दुहेरी-अंध पद्धतीने (काय दिले हे देणारा व घेणारा दोघांनाही ठाऊक नसताना) अन्न देऊन पाहण्याचा आग्रह धरला. तो आजही निकष मानला जातो, परंतु खर्च व वेळ यांमुळे फार थोड्या रुग्णांच्या वाट्याला येतो.

गव्हाचे उदाहरण बोलके आहे. ओस्लो येथील २०१८ च्या दुहेरी-अंध चाचणीत, गहू सोडून बरे वाटलेल्या परंतु सीलिॲक नसलेल्या लोकांना ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टन या शर्करासमूहाने अधिक त्रास झाल्याचे आढळले. फ्रुक्टन कांद्यालसणातही भरपूर असते. सीलिॲकचा संशय असेल तर रक्ततपासणी गहू सोडण्यापूर्वीच करून घ्यावी लागते. सोडल्यानंतर ती फसवी येते, आणि मग निदानासाठी पुन्हा कित्येक आठवडे पोळी खायला सांगण्याची पाळी येते. बाजारात मिळणाऱ्या आयजीजी (आयजीईहून वेगळे प्रतिपिंड) ‘फूड इनटॉलरन्स’ चाचण्यांची युरोपीय व अमेरिकी तज्ज्ञसंस्था शिफारस करीत नाहीत. आयजीजी हे बहुधा तो पदार्थ खाण्यात असल्याचे चिन्ह असते.

पुण्यातील आहार. पुण्याकडच्या घरांत वर्जन ही कल्पना नवी नाही. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे वर्ज्य असते. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदाभजी, थालीपीठ करून निरोप द्यायचा आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला जेजुरीच्या खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगे पुन्हा सुरू करायचे, असा क्रम आहे. बंद करणे व समारंभाने परत आणणे ही बाह्य चौकट जुळते, पण तीन-चार पदार्थ एकदम सुटत असल्याने निदानाच्या दृष्टीने त्यातून काही हाती लागत नाही. उपवासाचे पदार्थ मात्र गव्हाच्या वर्जनाला आयते उपयोगी पडतात : वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा यांत ग्लुटेन नाही. अडचण येते ती दाण्याच्या कुटाची. साबुदाण्याच्या खिचडीपासून काकडीच्या कोशिंबिरीपर्यंत तो सगळीकडे असतो, आणि लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिनांचे अंश राहू शकतात. रिफाइंड तेलात ते नगण्य असतात.

लपलेल्या गव्हाची ठिकाणे स्थानिक आहेत. बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक असते, म्हणजे गहू ‘सोडलेल्या’ घरातही आमटीच्या फोडणीतून तो रोज आत येतो. मेतकूट व थालीपिठाच्या भाजणीत गहू घालण्याची चाल आहे. ज्वारीची भाकरी निर्दोष असली तरी पेठेतल्या गिरणीत गव्हामागून ज्वारी पडली, की पहिल्या शेर-दीडशेर पिठात गहू उतरतो. ‘गव्हावर टाकू नका’ ही ताकीद गृहिणी चवीसाठी व उपवासाच्या दळणासाठी देतच असतात. सीलिॲक रुग्णाला तेवढ्याने भागत नाही, त्याला घरघंटी किंवा वेगळी गिरणी लागते. दुधाच्या वर्जनात अमृततुल्यातला चहा हमखास विसरला जातो. ‘दूध घेत नाही’ म्हणणारा दिवसाकाठी चार कप चहा घेत असतो. साजूक तुपात दुग्धशर्करा जवळजवळ नसते, दह्यात व चक्क्यात ती दुधापेक्षा कमी असते. मात्र गाईच्या दुधाच्या ॲलर्जीत म्हशीचे किंवा शेळीचे दूध हा पर्याय नव्हे, कारण प्रथिने फार मिळतीजुळती आहेत. आजीचा शेळीच्या दुधाचा सल्ला येथे घातक ठरू शकतो. पुनःप्रवेशासाठी मिसळ निवडणे हा नेहमीचा घोळ. एका ताटलीत मटकी, कांदा, लसूण, फरसाणातील बेसन व पाव एकत्र आल्यावर पोट बिघडले तर कोणामुळे, हे सांगता येत नाही. कांदा तपासायचा तर साध्या वरण-भाताबरोबर नुसता परतलेला कांदा खाणे बरे. ज्याला पूर्वी सूज, दमा किंवा चक्कर आली आहे त्याने कोणताही पुनःप्रवेश घरी करू नये. तो रुग्णालयात देखरेखीखाली होतो.

नियमन. भारतात २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, भुईमूग, कवचफळे, सोयाबीन व (१० मिग्रॅ. प्रतिकिग्रॅ. वा अधिक असल्यास) सल्फाइट यांचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात ते २० मिग्रॅ. प्रतिकिग्रॅ. पेक्षा अधिक असून चालत नाही. उपाहारगृहांपैकी केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांनाच अशी माहिती देणे बंधनकारक आहे. हातगाडीवरची भेळ, कोपऱ्यावरचा वडापाव व घरगुती डबे त्याबाहेर राहतात.