वाळू उणे २८१ अंशांवर कशी गेली?

उणे २७३.१५ अंश सेल्सिअसपेक्षा थंड असं काही असू शकत नाही, हे आपण अकरावीत शिकतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मात्र साच्याची वाळू उणे २८१ अंशांवर गेली. तीसुद्धा १४०० अंशांच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, रसाला चिकटून! सुदैवानं हे सगळं संगणकाच्या पडद्यावर घडलं. बघणाऱ्यांचा शेरा तयारच होता: "फुकटचं सॉफ्टवेअर, दुसरं काय हुणार!"

या शेऱ्यामुळंच हा लेख लिहायला घेतला, कारण लाखो रुपयांच्या सॉफ्टवेअरला हेच गणित याच पद्धतीनं घातलं, तर तेही हेच उत्तर देईल.

आधी थोडी ओळख. उद्यमनगरपासून कागलपर्यंत ओतकामाचे कारखाने पसरलेत. कास्टिंग गोठताना आत पोकळी राहिली तर माल रिजेक्ट होतो, म्हणून रस कुठं आधी गोठेल आणि रायझर (गोठताना आकसणाऱ्या धातूला जादा रस पुरवणारा साठा) कुठं लावायचा, हे ओतण्याआधी संगणकावर बघायची सोय हवी असते. त्यासाठीची पद्धत म्हणजे फायनाइट एलिमेंट. हे नाव अभियंता रे क्लफ यांनी १९६० मध्ये रूढ केलं. वस्तूचे हजारो छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडायचे; या सगळ्या तुकड्यांची मिळून होते ती जाळी. त्यांच्या कोपऱ्यांवरच्या बिंदूंवर, म्हणजे नोडवर, तापमान काढायचं. आणि दोन नोडच्या मध्ये ते सरळ रेषेत बदलतं असं मानायचं. एल्मर हे असंच एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर; वरच्या शेऱ्यातलं 'फुकटचं' ते हेच. फिनलंडमध्ये १९९५ साली त्याचं काम सुरू झालं आणि २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. इंडक्शन भट्टीत चुंबकीय क्षेत्र, वीज आणि उष्णता एकमेकांत गुंतलेल्या असतात. असे गुंते एकत्र सोडवतं, म्हणून ते मल्टिफिजिक्स.

आता त्या वाळूकडं वळू. मांडणी साधी होती. धातू बाजूला ठेवून फक्त वाळूचा साचा घेतला. वाळू सुरुवातीला ३० अंशांवर, आतली भिंत एकदम १४०० अंशांवर. एलिमेंट ५ मिलिमीटरचे, वेळेची पायरी १ सेकंदाची, म्हणजे दर सेकंदानं नवं तापमान काढायचं. वाळूतून उष्णता फार हळू सरकते. वाळूची विसरणक्षमता, म्हणजे उष्णता किती झपाट्यानं पसरते त्याचं माप, सेकंदाला साधारण ०.४ चौरस मिलिमीटर. म्हणजे एका सेकंदात उष्णतेचा रेटा जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर आत जातो. ५ मिलिमीटरवरच्या पहिल्या नोडला भिंत तापल्याची अजून खबरही नसते. तिथं ३० अंशच असायला हवेत.

पण सॉफ्टवेअरला अर्ध्या मिलिमीटरचा तीव्र उतार दाखवताच येत नाही. त्याच्याजवळ फक्त ५ मिलिमीटर लांबीची सरळ रेष आहे. भिंतीचा नोड १४०० वर गेला की ती अख्खी रेष वर उचलली जाते, आणि त्या एलिमेंटमध्ये एका सेकंदात शिरूच शकणार नाही एवढी उष्णता कागदोपत्री जमा होते. आणि इथं या पद्धतीचा प्रामाणिकपणाच नडतो. उष्णतेचा हिशेब ती काटेकोर जुळवते. प्रत्येक नोडच्या हिशेबात त्याच्या स्वतःच्या तापमानवाढीचे दोन तृतीयांश आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या वाढीचा प्रत्येकी एक षष्ठांश धरलेला असतो. भिंत १३७० अंशांनी वाढली, त्याचा सहावा हिस्सा सुमारे २२८. प्रत्यक्ष आलेली उष्णता मात्र नगण्य. मग २२८ ची ही फुगवलेली जमा खोडायची कशी? पहिल्या नोडला खाली ढकलून. रोजमेळ जुळत नसला की कारकून भलत्याच खात्यावर नावे टाकतो, तसं.

एका रेषेवरचं हे गणित कागदावर सोडवता येतं. पहिला नोड येतो उणे २८१ अंशांवर, दुसरा अधिक १०० वर, तिसरा १४ वर. वर-खाली-वर अशी ही करवत दिसली की रोग ओळखावा.

इथं बहुतेक जण जे करतात त्यानं दुखणं वाढतं. उत्तर बिघडलं की वेळेची पायरी बारीक करायची, असं आपण शिकलेलो असतो. म्हणून १ सेकंदाऐवजी ०.१ सेकंद घेतला, की वाळू उणे ३३१ वर जाते! कारण तेवढ्या वेळात खरी उष्णता आणखी कमी शिरते, कागदावरची जमा मात्र तेवढीच राहते. पायरी किमान किती हवी? एलिमेंटच्या लांबीचा वर्ग भागिले विसरणक्षमतेची सहापट. आपल्या वाळूसाठी २५ भागिले २.४, म्हणजे साधारण साडेदहा सेकंद. त्याहून छोटी पायरी हवी असेल तर जाळी बारीक करा: १ मिलिमीटरच्या एलिमेंटला ०.४२ सेकंद पुरतात. सगळा साचा बारीक चिरायची गरज नाही, धातूलगतचा थर पुरे. (हे सूत्र एका मितीतलं आणि कालगणनेच्या बॅकवर्ड ऑयलर पद्धतीसाठीचं आहे. क्रँक-निकोल्सन ही दुसरी पद्धत वापरली तर ही किमान पायरी दुप्पट होते. त्रिमितीत वेडेवाकडे चार पृष्ठांचे एलिमेंट (चतुष्फलक) आले की आणखी भानगडी.)

दुसरा उपाय मास लंपिंगचा. शेजाऱ्यांचे हिस्से काढून टाकायचे आणि प्रत्येक नोडची उष्णता त्याच्याच नावावर लावायची. एल्मरच्या इनपुट फाइलमध्ये एका ओळीत हे होतं. करवत जाते, पण उतार थोडा बोथट होतो, आणि जाड जाळी जाडच राहते.

बाकीची दुखणी एवढी रंजक नाहीत. त्यातलं हमखास सापडणारं एककांचं. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आराखड्यात, मिलिमीटर, एल्मरमध्ये मात्र कोणतंच एकक ठरलेलं नाही, आणि धातूचे गुणधर्म आपण मीटरमध्ये भरतो. वस्तू हजारपट मोठी समजली गेली की थंड व्हायचा वेळ हजाराच्या वर्गानं, म्हणजे दहा लाख पटींनी वाढतो. दहा मिनिटांत गोठणारं कास्टिंग १९ वर्षं घेतं. फाइलमध्ये ०.००१ चा गुणक लिहिला की काम झालं.

भट्टीला लिंबू-मिरची बांधणाऱ्याला इंजिनिअर हसतात. पण लाल-पिवळ्या-निळ्या चित्रापुढं, त्यातली जाळी न बघता, मान डोलावणं यात वेगळं काय आहे? नॉर्वेत ऑगस्ट १९९१ मध्ये स्लाइपनर-ए नावाच्या तेलमंचाचा अवाढव्य काँक्रीटचा पाया चाचणीतच बुडाला. एका नाजूक जोडाजवळची जाळी नीट नव्हती आणि कातर ताण (एक भाग दुसऱ्यावरून सरकवू पाहणारा ताण) ४७ टक्क्यांनी कमी निघाला होता. तिथं कुठलाही आकडा उणे २८१ सारखा ओरडून सांगत नव्हता. उत्तर दिसायला अगदी शहाण्यासारखं होतं. आता 'एआय'वालं सिम्युलेशन विकायला येणाऱ्यांना म्हणूनच आधी जाळी दाखवायला सांगावी.

ओतकामासाठी एक कागदी कसोटी हाताशी आहे. १९४० मध्ये अभियंता च्वोरिनोव्ह यांनी दाखवलं की वाळूच्या साच्यात गोठायचा वेळ हा घनफळ भागिले पृष्ठफळ याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. एक साधी सपाट प्लेट घ्या, जाडी दुप्पट करून पुन्हा सिम्युलेशन चालवा. वेळ जवळपास चौपट यायला हवा. दुप्पटच आला, तर वेळ वाळू ठरवत नसून धातू आणि साच्यामधल्या सीमेवरचा अडथळाच ठरवतोय असं समजावं, आणि त्या सीमेवर भरलेला उष्णता-हस्तांतराचा आकडा पुन्हा तपासावा. बहुतेक वेळा तो कुठल्या तरी डाय कास्टिंगच्या (धातूच्या साच्यातल्या ओतकामाच्या) उदाहरणातून तसाच उचललेला असतो.