कोकम

कोकम (रातांबा, भिरंड, सं. वृक्षाम्ल, क. मुरुगलु, लॅ. गार्सिनिया इंडिका; कुल – क्लुसिएसी) : पश्चिम घाटाच्या समुद्राकडील उतारांवर, कोकण, गोवा व कारवार पट्ट्यात वाढणारा सदाहरित वृक्ष. उंची 10 ते 15 मी.; फांद्या खाली झुकलेल्या, कोवळी पालवी लालसर. फुले नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतात, फळे एप्रिल-मेमध्ये पिकतात. फळ गोल, सु. 2.5 ते 4 सेंमी. व्यासाचे, पिकल्यावर गडद लाल ते काळपट जांभळे. आंबटगोड पांढऱ्या गरात बहुधा 5 ते 8 बिया. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये वर्णिलेले आंबट फळ बहुधा हेच असावे.

झाडाच्या लिंगभेदाबद्दल जुन्या व नव्या वर्णनांत मेळ नाही. काही ग्रंथांत नर व मादी झाडे वेगळी असल्याचे सरसकट म्हटले आहे. प्रत्यक्षात काही झाडांवर द्विलिंगी फुलेही आढळतात, त्यामुळे जातीला बहुयुतिक (एकलिंगी व द्विलिंगी अशी दोन्ही प्रकारची फुले असणारी) म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. परागण न होताही मादी झाडावर फळे धरतात असेही निरीक्षण नोंदले गेले आहे. मॅंगोस्टीन या जवळच्या जातीत बिया फलनाविना बनतात हे सर्वमान्य आहे. कोकमाच्या बाबतीत मात्र परागणाविना फळे धरतील यावर विसंबून बागेतून नर झाडे काढून टाकणे धोक्याचे.

बागायतदाराच्या दृष्टीने हा वाद निव्वळ पुस्तकी नाही. बियांपासून केलेल्या रोपांत सु. निम्मी नर निघतात, आणि ते कळायला 6-7 वर्षे जावी लागतात. म्हणून मादी झाडाची मृदुकाष्ठ कलमे (रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर काडी बांधून केलेली) लावतात. काडी सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याचीच घ्यावी. आडव्या फांदीची घेतल्यास कलम झुडपासारखे जमिनीलगत पसरते व पुढे कितीही छाटले तरी त्याला बुंधा धरत नाही. खुंटासाठी (ज्यावर कलम बांधतात त्या रोपासाठी) बी ताजे पेरावे, वाळले की त्याची उगवणशक्ती जाते. पावसाच्या सुरुवातीला 60 सेंमी. लांब, रुंद व खोल खड्ड्यांत, 6 × 6 मी. अंतरावर लागवड करतात. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात सावली व पाणी लागते. परागणासाठी बागेत थोडी नर कलमे विखरून ठेवतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ या वाणाची फळे पावसाआधी हाती लागतात, हा त्याचा खरा गुण. गावठी झाडांची बरीच फळे जूनच्या पावसात सापडतात व कुजतात.

आमसुलासाठी फळ कापून बिया व गर वेगळा करतात. गरात मीठ घालून रस काढतात. साली त्यात बुडवून उन्हात वाळवतात आणि हे 5 ते 7 वेळा करतात. ही पुटे (बुडवून वाळवण्याच्या फेऱ्या) कमी पडली तर आमसूल फिके व चामट होते, मधेच ढग आले तर बुरशी धरते. सरबतासाठी 1 किग्रॅ. सालीला 2 किग्रॅ. साखर थरांनी घालून सात दिवस रोज हलवतात. भांडे काचेचे वा स्टेनलेस स्टीलचे असावे. आंबटपणामुळे तांबे व ॲल्युमिनियम रसात उतरते.

सालीतील मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसिट्रिक आहे. जुन्या नोंदींत टार्टारिक व सायट्रिक आम्ल दिलेले आढळते. वजन घटवण्याच्या गोळ्यांत असते ते हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल बहुतेकदा केरळातील कुडमपुळीचे (कोकमाच्या प्रजातीतील दुसऱ्या आंबट फळाचे), आणि त्याचा माणसांवरील परिणाम चाचण्यांत ठाम दिसलेला नाही. सालीचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असतो.

बियांतून निघणारी चरबी साधारण खोलीच्या तापमानाला घट्ट राहते व सु. 38 ते 42° से. ला वितळते. पूर्वी घरोघरी बिया सोलून कुटत, पाण्यात उकळत आणि वर आलेली चरबी निवल्यावर मुठीत वळत. त्याला मुठेल म्हणतात. ते भेगाळलेल्या टाचांना लावतात. त्यातील स्टिअरिक व ओलेइक आम्लांच्या रचनेमुळे मिठाई उद्योगात ते कोको बटरला पूरक म्हणून वापरले जाते.