नाणेसंग्रहातील प्रतवारीचा अतिध्यास

नाणेसंग्रहातील प्रतवारीचा अतिध्यास : नाण्याच्या जतनाची अवस्था सांगणाऱ्या प्रतवारीला, म्हणजे संग्राहकांच्या रोजच्या बोलण्यातील ‘ग्रेड’ला, नाण्याच्या इतिहासापेक्षा, दुर्मिळतेपेक्षा आणि पुष्कळदा संग्राहकाच्या स्वतःच्या आनंदापेक्षाही वरचे स्थान देण्याची प्रवृत्ती. नाणे अस्सल आहे, हव्या त्या सालाचे आहे, भावही परवडणारा आहे, तरी नाण्यावरील व्हिक्टोरिया राणीच्या गालावरील एका ओरखड्यासाठी ते नाकारणे, विकत घेतलेले नाणे भिंगाखाली धरून त्यातील उणिवा पुन्हा पुन्हा शोधणे आणि अर्ध्या पायरीने सरस नमुना दिसताच पहिला विकून टाकणे, ही या प्रवृत्तीची सहज ओळखू येणारी लक्षणे होत. तिचा उगम अमेरिकेतील नाणेबाजारात असला, तरी ती आता भारतातील मध्यम शहरांतील संग्राहकांतही रुजली आहे. सोलापूरच्या परिसरात जुनी नाणी ज्या अवस्थेत हाती येतात, ती पाहता तेथे या ध्यासाचे स्वरूप विशेष स्पष्ट होते.

अंकांची प्रतवारी फार जुनी नाही. पूर्वी नाण्याची अवस्था शब्दांत सांगत आणि भारतीय व्यापारात व्हीएफ (व्हेरी फाइन), एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), एयू (अबाउट अनसर्क्युलेटेड), यूएनसी (अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेले) या त्याच शब्दांच्या आद्याक्षरांवर आजही बहुतेक व्यवहार होतात. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या १७९३ ते १८१४ या काळातील मोठ्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी सुचविली. तिच्यामागील हिशेब सरळ व्यापारी होता: एखाद्या प्रकाराच्या अगदी झिजलेल्या नाण्याची किंमत पायाभूत धरावी, तिला प्रतवारीच्या अंकाने गुणावे, म्हणजे चांगल्या नाण्याचा भाव निघेल. बाजार लवकरच या गुणाकाराच्या बाहेर गेला, पण अंक मागे राहिले. १९७० च्या दशकात अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने ही मोजपट्टी इतर नाण्यांसाठीही स्वीकारली. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्यांनी शुल्क घेऊन नाण्याची प्रतवारी ठरविण्याचे आणि ते कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करून देण्याचे काम सुरू केले. या डबीलाच ‘स्लॅब’ म्हणतात. खुद्द शेल्डन या ध्यासातून सुटला नव्हता. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील सरस सेंट त्याने काढून घेऊन त्यांच्या जागी त्याच प्रकारांतील आपल्याजवळची निकृष्ट नाणी ठेवली होती, हे त्याच्या मृत्यूनंतर न्यायालयात सिद्ध झाले. मोजपट्टीच्या जनकाचे हे वर्तन या विषयावरील कोणत्याही विवेचनापेक्षा अधिक बोलके आहे.

या मोजपट्टीत १ ते ५८ हे अंक वापरातील झीज दाखवितात आणि ६० ते ७० हे अंक चलनात न फिरलेल्या नाण्यांसाठी राखलेले असतात. ध्यासाचे खरे क्षेत्र ही शेवटची अकरा पायऱ्यांची पट्टी आहे. तिच्यात झीज मुळी नसतेच. फरक असतो तो टांकसाळीच्या पोत्यात नाणी एकमेकांवर आदळून पडलेल्या खुणांचा, ठोक्याच्या कमी-अधिक जोराचा, चकाकीचा आणि एकूण दृष्टिसुखाचा. ठशाच्या दाबाखाली धातू मध्याकडून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात; नाणे हळूहळू फिरविले असता त्या रेषांवरून प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्याप्रमाणे फिरताना दिसतो. या चकाकीला संग्राहक ‘लस्टर’ म्हणतात. ७० अंक म्हणजे पाच पट मोठे करून पाहिले असताही टांकसाळीबाहेर पडल्यानंतरचा कोणताही दोष न दिसणारे नाणे. ६४ आणि ६५ यांतील अंतर मात्र कोणत्याही उपकरणाने मोजलेले नसते. दोन-तीन अनुभवी परीक्षक काही क्षण नाणे पाहतात आणि आपले मत देतात. म्हणूनच एकच नाणे पुन्हा पाठविले असता त्याला निराळा अंक मिळू शकतो आणि म्हणूनच स्लॅब फोडून, पूर्वीचा अंक लपवून, नाणे पुन्हा परीक्षेला बसविण्याचा उद्योग अमेरिकेत भरभराटीला आला आहे. मत असलेल्या गोष्टीला धातूचा गुणधर्म समजणे, हा या ध्यासाच्या मुळाशी असलेला गैरसमज आहे. २००१ मध्ये पीसीजीएसने संग्राहकांच्या संचांची गुणानुक्रमे नोंदवही सुरू केली, तेव्हा त्यात स्पर्धेची भर पडली. एका अंकाने सरस असलेले तेच नाणे मिळविण्यासाठी कित्येक पट रक्कम मोजणारा संग्राहक त्यानंतर विक्षिप्त न ठरता स्पर्धक ठरू लागला.

सोलापूर व परिसर : सोलापूरच्या किल्ल्यावर बहमनी, निजामशाही, आदिलशाही आणि मोगल अशा सत्ता एकापाठोपाठ एक आल्या. चांदबिबीच्या विवाहात हे ठाणे आंदणाच्या निमित्ताने विजापूरकडे गेल्याचे प्रसिद्ध आहे. औरंगजेबाच्या काळात येथे मोगली टांकसाळ होती. शिवरायीसारखी तांब्याची नाणी दीर्घकाळ बाजारात फिरत राहिली आणि पुढे कंपनी सरकारचा व राणीचा रुपया आला. त्यामुळे येथील संग्राहकाच्या हाती दोन अगदी भिन्न प्रकारची नाणी येतात: हाताने ठोकलेली आणि यंत्रावर पाडलेली. प्रतवारीची आयात केलेली मोजपट्टी यांपैकी फक्त दुसऱ्या प्रकाराला नीट लागू पडते.

हाताने ठोकलेल्या नाण्याचा ठसा पुष्कळदा चकतीहून मोठा असे. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेल्या शिवरायीवर एखादे अक्षर अर्धे कापले जाणे, ओळ तिरकी पडणे किंवा कड फाटणे हा दोष नसून नाणे पाडण्याच्या पद्धतीचाच परिणाम आहे. मोगली रुपयाचेही तसेच. सोलापूर टांकसाळीच्या रुपयावर टांकसाळीच्या नावाची अक्षरे चकतीवर उतरली आहेत की नाहीत, हा अभ्यासकाच्या दृष्टीने पहिला प्रश्न असतो. ती उतरली असतील, तर सराफाने चांदीचा कस पाहण्यासाठी मारलेल्या टोच्याच्या खुणा असूनही ते नाणे नावाविना चकचकणाऱ्या रुपयाहून मोलाचे ठरते. तरीही पूर्ण मजकूर, मध्यभागी ठोक आणि अखंड कड या तिन्ही गोष्टींचा आग्रह धरून वर्षानुवर्षे एकही शिवरायी न घेणारे संग्राहक असतात. ते ज्या नाण्याची वाट पाहतात, ते टांकसाळीने क्वचितच पाडले होते.

यंत्रावर पाडलेल्या रुपयाची कथा निराळी आणि अधिक गुंतागुंतीची आहे. १८३५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात चालू झालेला रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा होता आणि त्यात अकरा-बारांश, म्हणजे सुमारे ९१.७ टक्के चांदी होती. सोलापूर जिल्ह्यातील घरांत तो आजही सापडतो, पण कपाटात पडून राहिलेल्या कोऱ्या अवस्थेत फार क्वचित. लक्ष्मीपूजनाच्या ताटात तो दर दिवाळीला मांडला जातो. त्याआधी चिंच, लिंबू किंवा राखेने घासून लख्ख केला जातो आणि मग हळदकुंकू वाहिले जाते. घरातील बाईच्या दृष्टीने काळवंडलेला रुपया देवीपुढे ठेवणे अयोग्य, तर प्रतवारीच्या दृष्टीने घासणे हाच सर्वांत मोठा अपराध, कारण त्याने लस्टर देणाऱ्या सूक्ष्म रेषा पुसल्या जातात आणि त्यांच्या जागी केसासारखे बारीक ओरखडे, म्हणजे ‘हेअरलाइन’, उरतात. असे नाणे कंपनीकडे गेले तर त्याला अंक मिळत नाही, ‘डिटेल्स’, म्हणजे अस्सल पण हानी झालेले, असा शेरा मिळतो. जिल्ह्यातील लमाण तांड्यांवर रुपये कडी डाखून हारांत किंवा कपड्यांवर वापरले गेले. कडी काढली तरी डाखाची खूण कडेवर राहते आणि शेरा तोच. पंढरपूरला चंद्रभागेत वारकऱ्यांनी टाकलेली नाणी पाण्यावाळूत राहून खडबडीत झालेली असतात. या तिन्ही प्रकारांत नाण्याला जे घडले ते या भागातील लोकजीवनाचाच दस्तऐवज आहे, पण मोजपट्टीवर त्याची नोंद केवळ हानी म्हणून होते. परिणामी असे रुपये सराफी पेढीवर चांदीच्या भावाने जातात आणि वितळतात. एका रुपयातून सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी निघते, आणि चांदी महागली की ‘डिटेल्स’ नाण्याला वाचविण्याचे व्यावहारिक कारण कोणापाशी उरत नाही.

सोलापूरच्या चादर आणि टॉवेलच्या व्यापारातही मालाची ‘फ्रेश’ आणि ‘सेकंड’ अशी निवड होते, आणि एक सुटलेला धागा शोधणारी नजर तेथे कौतुकाची मानली जाते. पण तेथे दोष करणारा माग समोर असतो आणि तो दुरुस्त करता येतो. नाण्याच्या बाबतीत दोष शोधून पुढे करण्यासारखे काही नसते.

बारकाईने पाहणे म्हणजे ध्यास, असा मात्र याचा अर्थ नव्हे. व्हिक्टोरिया राणीच्या १८६२ सालच्या रुपयाचे उदाहरण पुरेसे आहे. हे साल नाण्यांवर १८७४ पर्यंत तसेच ठेवले गेले आणि नंतरच्या वर्षांची ओळख मागील बाजूवरील बारीक ठिपक्यांच्या संख्येवरून व जागेवरून करावी लागते. हे ठिपके भिंगाखाली मोजणारा संग्राहक नाण्याबद्दल काहीतरी नवे शिकतो. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार होऊन ते नाणे मागे घेण्यात आले आणि आकृती सुधारण्यात आली. तो हत्ती नीट दिसावा म्हणून कमी झिजलेला नमुना मागणे रास्तच आहे. नाण्यावरील माहिती वाचता यावी एवढी चांगली अवस्था हवी, ही मागणी अभ्यासाची आहे. वाचून झालेल्या नाण्यात पुन्हा ६४ की ६५ हा प्रश्न उरला, तर तो अभ्यासाचा राहत नाही.

स्लॅबचाही एक निर्विवाद उपयोग आहे, आणि तो अंकाशी संबंधित नाही. १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया अत्यंत दुर्मिळ असल्याने १९३८ च्या रुपयावरील शेवटचा आकडा कोरून बदललेली बनावट नाणी बाजारात येतात. अशा वेळी सीलबंद डबीवरील अस्सलपणाची हमी नवख्या ग्राहकाला वाचविते. भारतीय परिस्थितीत प्रतवारी कंपनीचे हे काम तिच्या अंकांपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी आहे, हे अनेक व्यापारीही खासगीत मान्य करतात, मात्र भाव अंकावरच सांगतात.

ध्यासाचे वर्तन : संग्राहक नाणे नेहमी कडेला धरतो, सुती हातमोजे घालतो, पीव्हीसीच्या पाकिटातून तांब्या-चांदीवर हिरवट चिकट थर येतो म्हणून पाकिटे बदलतो, येथपर्यंत सारे जतनाच्या शास्त्राला धरून आहे. सोलापूरची कोरडी, उन्हाळ्यात चाळीस अंशांवर जाणारी हवा तांब्याच्या नाण्यांना मुंबईच्या दमटपणापेक्षा खूप मानवते, त्यामुळे येथील संग्राहकाला त्यासाठी फारसे झटावे लागत नाही. पुढची पायरी धोक्याची असते. चांदीवर नैसर्गिकरीत्या आलेला सल्फाइडचा रंगीत थर कोणाला डाग वाटतो, तो थायोयुरियाच्या द्रावणात नाणे बुडवून काढतो. थर जातो, त्याबरोबर पृष्ठभागही थोडा विरघळतो आणि नाणे निस्तेज होते. परिपूर्णतेच्या हव्यासाने झालेली नाण्यांची हानी अज्ञानाने झालेल्या हानीहून कमी नाही. याच्या उलट टोकाला चमकदार रंगांच्या थराला जादा भाव मिळतो म्हणून तो कृत्रिमरीत्या चढविणारेही असतात.

मानसशास्त्रात पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये परिपूर्णतावादाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून, इतरांकडून आणि इतरांच्या अपेक्षेपोटी परिपूर्णतेची मागणी करणारा. नाणेसंग्रहात तिसरा प्रकार बळावलेला दिसतो. प्रदर्शनात कोणी भिंग लावून ‘हे क्लीन केलेलं दिसतंय’ एवढे म्हटले, की मालकाचा त्या नाण्यावरील जीव उडतो, मग ते त्याच्या आजोबांकडून आलेले का असेना. ही प्रवृत्ती म्हणजे आजार नव्हे. वैद्यकशास्त्र ज्याला ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह व्यक्तिमत्त्व विकार म्हणते, त्यात परिपूर्णतेच्या आग्रहाने हाती घेतलेले काम पुरेच होत नाही आणि जीवनाच्या अनेक अंगांवर परिणाम होतो. छंदातील हट्टाला तेच नाव देणे चुकीचे आहे. मात्र वर्षे लोटली तरी संचातील एकही घर भरू न देणारा संग्राहक त्या वर्णनाच्या जवळ जातो, हेही नाकारता येत नाही.

अमेरिकेत या ध्यासाची उलटी आवृत्तीही निघाली आहे. तेथे काही संग्राहक १ अंकाची, म्हणजे फक्त प्रकार ओळखू येईल इतकीच उरलेली नाणी हेतुपुरस्सर जमवितात आणि अशा संचांतही चुरस असते. अगदी झिजलेला पण ओळखू येणारा नमुना मिळविणे हेही तितकेच किचकट आहे, कारण थोडी अधिक झीज झाली की ओळख जाते.

कायद्याची चौकट : भारतात या ध्यासाला एक मर्यादा कायद्याने घातली आहे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षे जुने नाणे पुरावशेष ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाही. शेतात किंवा वाड्याच्या पायात निघालेले गुप्तधन दहा रुपयांहून अधिक मोलाचे असेल, तर १८७८ च्या कायद्यानुसार त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. या निर्यातबंदीमुळे शिवरायी, आदिलशाही व मोगल नाणी, व्हिक्टोरिया व एडवर्ड यांचे रुपये आणि आता पंचम जॉर्जचे १९११ ते १९२२ या सालांचे सर्व रुपये परदेशी कंपनीच्या टेबलावर पाठविण्याचा मार्ग संग्राहकाला बंद आहे. चांदीच्या रुपयांपैकी सहाव्या जॉर्जचे १९३८ ते १९४५ या सालांचे रुपये तेवढे अजून शंभरीच्या अलीकडे आहेत, आणि त्यांतही १९४० पासूनच्या रुपयांत चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणलेले आहे.