टॅरो : खेळ आणि भविष्यकथन

टॅरो : ७८ पत्त्यांचा युरोपीय संच व त्यावर खेळले जाणारे खेळ. आज हा शब्द ऐकला की भविष्य सांगणारी पाने डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात ती तयार झाली डाव मांडण्यासाठी.

पत्ते युरोपात चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात मामलुक सुलतानांची सत्ता असलेल्या इजिप्तकडून आले. त्यांचे चषक, नाणी, तलवारी आणि दंड हे चार रंग इटलीत रुजले. पंधराव्या शतकात तेथे या ५६ पानांना २२ चित्रपानांची जोड मिळाली. फ्लॉरेन्समधील १४४० च्या एका रोजनिशीत अशा संचाचा उल्लेख आहे. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी रंगवलेली सोन्याचा वर्ख दिलेली पाने न्यूयॉर्क आणि बेर्गामो येथील संग्रहांत पाहता येतात.

चित्रपानांना ‘त्रियोन्फी’ म्हणत. इंग्रजीतला ‘ट्रम्प’, म्हणजे आपला हुकूम, याच शब्दातून आला. आपल्याकडे डावागणिक हुकूम बदलतो. टॅरोत हुकमाचा पाचवा रंगच कायमचा वेगळा असतो. उतारीचा रंग हातात नसेल तर हुकूम टाकावा लागतो. हुकमाची पाने २१. बाविसावे पान विदूषकाचे. ते टाकले की रंग पाळण्यातून त्या वेळेपुरती सुटका मिळते. तेरावे पान ‘मृत्यू’ खेळात बाराव्याला मारते आणि चौदाव्याकडून मार खाते, एवढेच. धर्मोपदेशकांचा या पानांवर राग होता, पण तो जुगाराबद्दल. देवादिकांची चित्रे असली म्हणजे पत्ते गूढविद्येचेच असतात असे नाही, हे सावंतवाडीची दशावतारी गंजिफा (विष्णूच्या दहा अवतारांची चित्रे असलेले गोल पत्ते) पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.

भविष्यकथनाचा एक लहानसा पुरावा बोलोन्यात १७५० च्या सुमारास मिळतो : काही पानांचे अर्थ लिहिलेला कागद. खरी कलाटणी मिळाली ती पॅरिसमध्ये. १७८१ मध्ये आंत्वान कूर द जेब्लँ या विद्वानाने ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्शियन ज्ञानग्रंथाचे अवशेष असल्याचे जाहीर केले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाही वाचता येत नव्हती. शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने ती उलगडली १८२२ मध्ये. त्यामुळे दावा तपासणार कोण? झां-बातीस्त आलिएत याने आपल्या आडनावाची अक्षरे उलटी लिहून घेतलेल्या ‘एतेला’ या नावाने पाने मांडण्याची पद्धत छापली आणि भविष्यासाठी खास संचही काढला. एकोणिसाव्या शतकात एलिफास लेवी या फ्रेंच गूढविद्याभ्यासकाने २२ चित्रपानांची सांगड हिब्रूच्या २२ अक्षरांशी घातली. १९०९ मध्ये लंडनच्या रायडर प्रकाशनाने गूढविद्येचे अभ्यासक आर्थर वेट यांच्या कल्पनेवरून चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला संच आणला. चार रंगांच्या साध्या पानांवरही स्मिथ यांनी प्रसंगचित्रे काढल्याने अर्थ लावणे सोपे झाले. जगभर जो टॅरो दिसतो तो बहुधा याच वळणाचा. इजिप्शियन मूळाची कथा मायकल डमेट या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने १९८० मध्ये पुराव्यानिशी मोडीत काढली. तरी ती अजून सांगितली जाते.

खेळ मात्र बंद पडलेला नाही. फ्रान्समध्ये तो ७८, ऑस्ट्रियात ५४, तर बोलोन्यात ६२ पानांनी रंगतो. फ्रेंच खेळाडूंच्या हुकमांवर ‘मृत्यू’ वा ‘सैतान’ नसतो : मोठे आकडे आणि सहली-नाचगाण्यांची चित्रे असतात.