आयबीएसचे जुलाब आणि पित्ताम्लांचे जुलाब

'पित्त' म्हटलं की आपल्याला छातीतली जळजळ आठवते. पित्ताम्लांचा तिच्याशी संबंध नाही. ती यकृतात कोलेस्टेरॉलपासून बनतात, जेवल्यावर पित्ताशयातून लहान आतड्यात उतरतात आणि स्निग्ध पदार्थ पचायला मदत करतात. काम झालं की लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यांतली सुमारे ९५ टक्के परत शोषली जाऊन यकृताकडे जातात. ही फेरी बिघडली, तर जास्तीची पित्ताम्लं मोठ्या आतड्यात पोचतात. तिथे पाणी सुटतं, आतड्याची हालचाल वाढते, आणि मग पातळ शौच आणि न आवरणारी घाई.

जुलाबप्रधान आयबीएसमध्येही (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींचा दीर्घकाळचा त्रास) हेच दिसतं, म्हणून तर घोटाळा होतो. पण आयबीएस हे नाव लक्षणांवरून दिलेलं आहे. २०१६च्या रोम-४ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांनुसार किशोरवयात महिन्यातून किमान ४ दिवस पोट दुखायला हवं, ते दुखणं शौचाशी जोडलेलं हवं, असं किमान २ महिने चाललेलं हवं आणि तपासूनही दुसरं कारण सापडायला नको. दुखणंच नसेल, तर तो आयबीएस नव्हे. पित्ताम्लांच्या जुलाबात मात्र पोट फारसं न दुखताही घाई होऊ शकते, कधी रात्री झोपेतून उठावं लागतं. अर्थात नुसत्या हकिगतीवरून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत, कारण पित्ताम्लांमुळे कळाही येतात.

जुलाबप्रधान आयबीएस म्हणून नोंद झालेल्या प्रौढांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश जणांत पित्ताम्लांचा दोष सापडतो. किशोरवयीनांत तो फारसा शोधलाच जात नाही, आणि हे मला खटकतं. ताणाने आयबीएस खरोखरच वाढतो. पण 'परीक्षेचं टेन्शन आहे' एवढ्यावर मुलाला घरी पाठवलं, तर मोजता येणारं कारण तसंच राहून जातं.

मोजायचं कसं? सेहकॅट चाचणीत किंचित किरणोत्सर्गी केलेलं कृत्रिम पित्ताम्ल गिळायला देतात. ७ दिवसांनी शरीरात ते १५ टक्क्यांहून कमी उरलं, तर दोष आहे असं धरतात. ही सोय सगळीकडे नसते. तिथे रक्तातला सी-४ हा, यकृतात पित्ताम्लं बनताना तयार होणारा घटक किंवा ४८ तासांच्या शौचातली पित्ताम्लं मोजतात.

शौचातून रक्त, घटणारं वजन, खुंटलेली उंची, लांबलेली वयात येण्याची प्रक्रिया, वरचेवर ताप किंवा रात्रीचे जुलाब असतील, तर आधी क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज येण्याचा आजार) आणि सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) हे तपासावेत. क्रोन्समध्ये बहुधा लहान आतड्याचा तोच शेवटचा भाग सुजतो, त्यामुळे पित्ताम्लांचे जुलाब त्याच्यामागूनही येऊ शकतात.

दोष सापडला तर कोलेस्टायरामीनसारखं, पित्ताम्लांना आतड्यातच बांधून ठेवणारं औषध देतात. त्याने बऱ्याच जणांना आराम पडतो. ते सोबतची औषधंही धरून ठेवतं, म्हणून ती त्याच्या १ तास आधी किंवा ४ ते ६ तासांनंतर घ्यायची. दीर्घकाळ घेताना अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वं कमी पडू शकतात. वाढत्या वयात त्यांवर डॉक्टरांची नजर हवी.