स्पर्म वॉशिंग

वीर्यातून शुक्रजंतू वेगळे काढून घेण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. वंध्यत्वाच्या उपचारांत ती एरवीही वापरतात. पण नवरा एचआयव्हीबाधित आणि बायकोला लागण नाही, अशा जोडप्यांना स्वतःचे मूल होण्याची वाट आधी या पद्धतीने मोकळी केली.

एचआयव्ही मुख्यतः वीर्यातील द्रवात आणि पांढऱ्या पेशींत असतो, ही तिच्यामागची धारणा. नळीतल्या दाट द्रावणावर वीर्याचा नमुना अलगद सोडून ती नळी सेंट्रिफ्यूज या यंत्रात वेगाने फिरवतात. द्रव आणि पांढऱ्या पेशी वर राहतात, शुक्रजंतू तळाशी बसतात. तो साका धुऊन त्यावर ताजे पोषकद्रव ओतले, की चपळ शुक्रजंतू आपणहून पोहत वर येतात, तेवढेच उचलायचे. त्यातला थोडा भाग विषाणूचे जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआर तपासणीला जातो आणि विषाणू सापडला नाही तरच उरलेला आययूआय (शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडणे) किंवा आयव्हीएफसाठी (शरीराबाहेर फलन घडवणे) वापरतात.

इटलीतील मिलानमध्ये ऑगस्टो सेम्प्रिनी यांनी ही पद्धत रुजवली. त्यांचे निष्कर्ष १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्याआधी १९९० मध्ये अमेरिकेत प्रक्रिया केलेल्या वीर्यातूनही एका स्त्रीला लागण झाल्याची नोंद होती आणि तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने अशा कृत्रिम रेतनाविरुद्ध सल्ला दिला होता. पुढे युरोपातील केंद्रांनी १,०३६ जोडप्यांचा आढावा २००७ मध्ये मांडला. त्यात पुढे तपासणी झालेल्या एकाही स्त्रीला लागण नव्हती.

पण या पद्धतीचे महत्त्व ओसरले ते गोळ्यांमुळे. एचपीटीएन ०५२ या एचआयव्ही प्रतिबंधावरील अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही सहभाग होता. लवकर एआरटी (एचआयव्ही दाबणारी औषधे) सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे त्यातून २०११ मध्ये दिसले. आता व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) सातत्याने ‘नॉट डिटेक्टेड’, म्हणजे तपासणीत न सापडण्याइतका कमी, येत असेल, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही हे मान्य झाले आहे. अशा जोडप्याने बीज सुटण्याच्या दिवसांत नैसर्गिक प्रयत्न करावा; केवळ एचआयव्हीच्या भीतीपोटी महागडे वॉशिंग करून घेण्यात अर्थ नाही. व्हायरल लोड आटोक्यात नसेल, तर आधी औषधोपचार नीट बसवावा. घाई असल्यास बायकोला प्रतिबंधक गोळ्या देता येतात.

बायको बाधित असेल, तर वॉशिंगचा प्रश्नच नाही. नवऱ्याला जपण्यासाठी त्याचे वीर्य सुई नसलेल्या सिरिंजने घरीच योनीत सोडण्याचा साधा उपाय आहे. बाळाची काळजी मात्र वेगळी: उपचाराविना आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के, तर गर्भधारणेपूर्वीपासून व्हायरल लोड दबलेला असल्यास ते एक टक्क्याच्याही खाली जाते. भारतात २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला आयुष्यभराची एआरटी मोफत देण्याचे धोरण आहे. बाळाला जन्मानंतर नेव्हिरॅपिनसारखे औषध देतात; दीड वर्षाच्या तपासणीनंतर निदान पक्के होते.

शुक्रजंतू कमी असणे किंवा बायकोच्या बीजवाहक नलिका बंद असणे अशा कारणांसाठी वॉशिंगची गरज आजही पडते. तेव्हा अडचण बहुधा दवाखान्याच्या दारात येते: एचआयव्हीमुळे उपचार नाकारले जातात. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून आरोग्यसेवा नाकारता येत नाही आणि बाधित गरोदर स्त्रीचा गर्भपात किंवा नसबंदी तिच्या माहितीपूर्ण संमतीवाचून करता येत नाही.